बाविसाव्या मजल्यावरचा रस्ता

चोंगचिंग शहराची मला खडान्‌खडा माहिती होती. तिथं पाऊल ठेवेपर्यंत!

आता तुम्ही म्हणाल, मोताळ्याचा हा निवृत्त मास्तर. बुलढाण्याला जायचं तरी याची बायको याला एस्टीत बसवून कंडक्टरला बजावते, "यांना स्टँडवर उतरवा हो, नाहीतर पुस्तक वाचत पुढे जातील." याचा आणि चीनचा काय संबंध? तुमचं अगदी बरोबर आहे. मलाही हाच प्रश्न पडला होता.

संबंध आला तो संघर्षमुळे. आमच्या शेजारी गुलाबराव राहतात. एस्टीत ड्रायव्हर होते, राजूर घाटाच्या वळणांवर त्यांची सारी नोकरी गेली. सिंधूताई, त्यांच्या मंडळी, शेती पाहतात. संघर्ष त्यांचा मुलगा आणि माझा विद्यार्थी. डॉक्टरकी शिकायला तो चोंगचिंगला गेला, आणि यंदा त्याचा पदवीदान समारंभ ठरला. त्याचा फोन आला, "आई-बाबा तर येतीलच. पण सर, तुम्हीही पाहिजेत."

मी नाही म्हणणार होतो. कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणायचं, हा माझा स्वभाव. पण गुलाबराव अंगणात येऊन बसले.

"सर, तुम्ही चलाच. आमाले ना इंग्रजी येत, ना चिनी. तुम्ही असले म्हणजे मंग फिकर नाही."

सिंधूताई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मले बाकी काई पाहाचं नाही, सर. पोराच्या डोक्यावर ते डॉक्टरचं टोपडं चढताना पाह्यलं, का झालं. तेवढ्या टायमावर मले तिथं नेऊन बसवा."

आणि काय झालं कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदाच माझी छाती फुगली! मी म्हणालो, "सिंधूताई, काळजीच करू नका! मी त्या शहराचं पुस्तक मागवतो. डोळे बांधून नेईन तुम्हाला!"

डोळे बांधले असते तर बरं झालं असतं. पण ते पुढे.

पुण्याच्या आल्हादला, म्हणजे माझ्या भाच्याला, पुस्तक पाठवायला सांगितलं. त्यानं दोन पुस्तकांचे फोटो पाठवले. एक बारीक, गुळगुळीत, पानापानावर रंगीत चित्रं. दुसरं जाडजूड, मुंगीएवढी अक्षरं, शेवटी भलीमोठी सूची. मी आठवडाभर ठरवू शकलो नाही. मग जाडं घेतलं. का? तर त्याची सातवी आवृत्ती होती. म्हणजे सहा वेळा चुका दुरुस्त झाल्या असणार! शिवाय मागच्या बाजूला लेखकाचा फोटो होता आणि त्याला माझ्यासारखाच जाड भिंगांचा चष्मा होता. असा माणूस खोटं कशाला बोलेल?

पुस्तक आलं तेव्हा प्रतिमा, आमची मंडळी, म्हणाली, "पुस्तक मागवलंत की वीट?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी कव्हर घालत होतो. नवं पुस्तक आलं की आधी खाकी कागदाचं कव्हर, मग वाचन, ही माझी शाळेपासूनची शिस्त. पुस्तक प्रवासाला जाणार, म्हणून या वेळी कव्हर नुसतं दुमडलं नाही. प्रतिमाकडून मैद्याची खळ करून घेतली आणि कागदाच्या घड्या आतून पुठ्ठ्याला पक्क्या चिकटवल्या. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी छापलेलं होतं, ते घड्यांखाली झाकलं गेलं. असेल जाहिरात, म्हटलं.

मग मी वाचायला बसलो. काय शहर हो! दोन नद्यांच्या संगमावर, डोंगरांच्या अंगावर बसलेलं! पूल किती, बोगदे किती, युद्धाच्या काळात राजधानी कशी झाली, तिखट रश्श्याचं उकळतं भांडं मधोमध ठेवून भोवती बसून कसं जेवतात, सगळं पाठ! आठवडी बाजारात लोक मला थांबवून विचारू लागले.

"सर, तिकडे मिरची भेटते का?"

"आपल्यापेक्षा जास्त!"

"मंग जा बिनधास्त!"

प्रतिमा एवढंच म्हणाली, "आपल्या गिरणीचा रस्ता तेवढा एकदा वाचून ठेवा."

नांदुऱ्याहून रेल्वे, मुंबईहून विमान, मध्ये आणखी एक विमान, असं करत आम्ही तिघं पोचलो. विमानतळावर संघर्ष उभा होता. त्यानं "जय भीम, सर," म्हणत माझी पिशवी घेतली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. सिंधूताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "वाळून गेला रे!" तो मला तरी दीडपट झालेला दिसला.

आणि मग शहर सुरू झालं! काय सांगू तुम्हाला! एक रस्ता, त्याच्यावर दुसरा रस्ता, त्याच्यावर तिसरा, आणि सगळ्यांच्या वरून रेल्वे! जणू कुणीतरी आपला राजूर घाट गुंडाळून उभा करून ठेवलाय आणि त्याला दिवाळीच्या माळा लावल्यात. गुलाबराव टॅक्सीच्या खिडकीतून अर्धे बाहेर.

"सर! सर! ते पाहा, गाडी बिल्डिंगमधी घुसली!"

"हो. पुस्तकात आहे."

"आन् लोकं वरच्या मजल्यावर झोपून राह्यले!"

"पुस्तकात आहे."

"पानी तर पाहा, अर्धं हिरवं, अर्धं गढूळ!" सिंधूताई म्हणाल्या.

"संगम आहे तो. पुस्तकात..."

"आहे," सिंधूताईंनी माझं वाक्य पुरं केलं आणि पदर सावरून दुसरीकडे पाहिलं. मला वाटलं, त्या भारावून गेल्या आहेत.

हॉटेल एका उंच इमारतीत आठव्या मजल्यावर होतं. टॅक्सी इमारतीच्या पोटातच कुठंतरी थांबली, तिथून लिफ्टनं वर. संघर्षला लगेच परत जायचं होतं. जाताना त्यानं मला बाजूला घेतलं.

"सर, उद्या सकाळी नवाला तयार राहा. लिफ्टनं बाविसाव्या मजल्यावर या, मोठ्या दारातून बाहेर पडा, रस्त्यावर मी उभा असतो. समारंभ सुरू झाला की हॉलची दारं लावतात, मग कोणालाच घेत नाहीत. आई-बाबांना तुम्ही सांगा."

मी मान हलवली. तो गेला आणि मी विचारात पडलो. बाविसाव्या मजल्यावर रस्ता? हा पोरगा शाळेतही घाईघाईत भलतंच लिहायचा. पेपरात पानिपतची लढाई प्लासीला नेऊन ठेवली होती! मी पुस्तक काढलं. त्यात या भागाबद्दल स्वच्छ लिहिलं होतं, की इथल्या इमारतींच्या पहिल्या मजल्यावरच्या दारातून नदीकाठच्या रस्त्यावर उतरता येतं. झालं! बिचाऱ्याची चूक मी मनातल्या मनात लाल शाईनं दुरुस्त केली. आणि त्याला कशाला लाजवायचं, म्हणून कुणाला काही बोललो नाही.

सकाळी आम्ही सज्ज. सिंधूताईंनी हिरवीगार पैठणी नेसली होती. गुलाबरावांचे बूट मोटारीच्या काचेसारखे चमकत होते. मी लिफ्टमध्ये ऐटीत पुढे झालो आणि एक नंबरचं बटण दाबलं.

बाहेर पडलो तर खरोखरच मोठं दार! समोर खरोखरच रस्ता! बसस्टॉप होता, झाडं होती, शेजारच्या दुकानातून वाफा येत होत्या. मी विजयी मुद्रेनं दोघांकडे पाहिलं. संघर्ष मात्र नव्हता.

"येईल," मी म्हणालो.

बराच वेळ गेला. शेवटी गुलाबरावांच्या हातातला, संघर्षनंच दिलेला, फोन वाजला.

"बाबा, कुठी आहा? मी कव्हाचा उभा आहो!"

"आमी पन कव्हाचे उभे आहो बे!"

"सरांनी सांगतलं तसेच आले ना?"

"हाव, हाव! सरांनी सांगतलं तसेच आलो!"

वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं. इथंच तर घात झाला!

"मोठ्या दारापाशी?"

"मोठ्या दारापाशी!"

"समोर बसस्टॉप आहे?"

"हाव, आहे!"

"बाजूले वाफा निघतेत ते दुकान?"

"हाव ना! वाफाच वाफा!"

"मंग मले काऊन नाही दिसून राह्यले तुम्ही?"

"मी हात वर करतो. पाह्य!" गुलाबरावांनी हात वर केला. "दिसला?"

"नाही. मीबी वर केला, बाबा."

"नाही दिसला रे!"

बसस्टॉपवरच्या एका चिनी आजोबांनी मात्र पाहिलं. त्यांना वाटलं आपल्यालाच नमस्कार केला. त्यांनीही हात वर केला. सौजन्य म्हणून मीही केला.

सिंधूताईंनी हात वर केला नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"सर, आपन बरोबर जागी आहो ना?"

"अर्थात! पुस्तकात..." असं म्हणून मी पुस्तक पुढे धरलं. पण तिथली हवा इतकी दमट, की मैद्याच्या खळीनं दम सोडला होता. खाकी कव्हर सुटलं, घसरलं आणि माझ्या हातात लोंबू लागलं. आतल्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, "प्रथमच येणाऱ्यांनी आधी हे वाचावे!"

मी वाचलं. इंग्रजीतला तो मजकूर असा होता की, या शहरात जमीन एक नाही. एकाच इमारतीला पहिल्या मजल्यावर एक रस्ता असतो, अकराव्यावर दुसरा, बाविसाव्यावर तिसरा. तेव्हा भेटीची जागा ठरवताना मजल्याचा आकडा नीट ऐका, आणि कृपा करून त्यात स्वतःची अक्कल लावू नका.

शेवटचा भाग बहुधा मीच मनानं जोडला असेल. पण तेव्हा मला तो छापलेला दिसला, देवाशपथ!

पोरगा बरोबर होता! तो आमच्या डोक्यावर, एकवीस मजले वर, दुसऱ्या रस्त्यावर, दुसऱ्या बसस्टॉपसमोर, दुसऱ्या वाफांच्या दुकानाशेजारी हात वर करून उभा होता! आणि तिकडे हॉलची दारं लागायची वेळ येत होती. मी सांगायला तोंड उघडलं. पण घाबरलो की माझा आवाज पुस्तकाचं पान उलटल्याएवढा होतो.

"मला वाटतं... कदाचित... आपण थोडे खाली..."

ते कुणालाच ऐकू गेलं नाही. कारण त्याच क्षणी सिंधूताई रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. पदर खोचला. दोन्ही हात तोंडाशी नेले. बांधावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारतात ना, अगदी तशी हाक त्यांनी मारली.

"संघऽऽऽर्षाऽऽऽ!"

काय सांगू! बसस्टॉपवरचे लोक उठून उभे राहिले. वाफांच्या दुकानातली बाई झारा घेऊन बाहेर आली. ती हाक समोरच्या इमारतीवर आपटली, तिथून उलटली, खांबाखांबांतून, रस्त्यारस्त्यांतून वर चढत गेली. दोन नद्यांचं ते अफाट शहर क्षणभर गप्प झालं, असं मला वाटलं.

फोनमधून संघर्ष ओरडला, "आई! तुहा आवाज फोनमधून नाही, खालून येऊन राह्यला!"

मी मान वर केली. उंच, पार उंच, एका कठड्यावरून पदवीदानाचा एक काळा झगा वाकून बघत होता. वाटाण्याएवढं डोकं.

"दिसलं! हिरवं लुगडं दिसलं!" फोन ओरडला. "आई, तिथंच थांब! नाही, थांबू नको! लिफ्टमधी घुस, बावीस दाब!"

"बावीस?" गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"बावीस," मी म्हणालो. "पुस्तकात आहे."

बाविसाव्या मजल्यावर लिफ्ट उघडली, मोठ्या दारातून बाहेर पडलो, आणि तिथं रस्ता! खरा, डांबरी, झाडांचा! आणि त्या रस्त्यावरून एक भलीमोठी बस आमच्या समोरून गेली. गुलाबराव जागच्या जागी थबकले.

"सर... बस! बाविसाव्या मजल्यावर बस!" आणि त्यांनी त्या अनोळखी ड्रायव्हरला कडक सलाम ठोकला. ड्रायव्हरनंही हॉर्न वाजवला. ड्रायव्हर ड्रायव्हरला ओळखतो!

"बाबा, पळा!" संघर्षनं आईचा हात धरला आणि आम्ही पळालो. टॅक्सी, बोगदा, पूल, पुन्हा बोगदा, जिना. आम्ही आत शिरलो, आणि पाठीमागे दार लागलं! खुर्चीवर बसलो तेव्हा माझ्या हातात नुसतं खाकी कव्हर होतं. पुस्तक टॅक्सीत राहिलं होतं. ज्याला मिळालं असेल त्यानं आतला पुठ्ठा आधी वाचावा.

मंचावर एकामागून एक मुलं जात होती. संघर्ष गेला. एका वृद्ध प्राध्यापिकेनं त्याच्या टोपीचा गोंडा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला केला. एवढंच. पण सिंधूताई उभ्या राहिल्या, आणि मागचे लोक खाली बसा म्हणाले नाहीत. गुलाबराव डोळे पुसत होते. मी पण चष्मा काढला. मला वाटलं, तो सगळा डोंगर, ते रस्त्यावरचे रस्ते, इमारतीत घुसणारी रेल्वे, हे सगळं आश्चर्य खरंच. पण मोताळ्याचं पोरगं त्या टोपीखाली उभं आहे, याच्यापुढे काहीच नाही.

समारंभ झाल्यावर गुलाबरावांनी माझा हात दाबला. "सर, तुम्ही होते म्हणून पोचलो!"

मी शरमेनं मान खाली घातली. "नाही हो. सिंधूताईंच्या हाकेनं पोचलो. काय ती हाक! ताई, एकवीस मजले चढून जाईल असा आवाज आणला तरी कुठून?"

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाल्या,

"खरं सांगू का, सर? मले तर तुमच्यावरच वरडाचं होतं. पन तुम्ही वयानं मोठे. म्हनून मंग पोराच्या नावानं वरडली."