फक्त दादाच्या कॉम्प्युटरला परवानगी

वहिनीच्या मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी ठरवलं, की आज घरातलं इंटरनेट फक्त तिलाच मिळायला हवं. दादा वारल्यावर आता घर तिच्या नोकरीवरच चालणार होतं. विचार चांगला होता. (माझे विचार चांगलेच असतात. हात लागला की बिघडतात.)

आमच्या घरातल्या सगळ्या वायरी जिन्याखालच्या एका पेटीत येतात. तिला स्विच म्हणतात. कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं, हे तिला ओळीओळीनं लिहून देता येतं. हे दादाचं काम. सातवीनंतर शाळेनं आणि मी एकमेकांना मोकळं केलं होतं, तरी दादामागे हे खातं माझ्याकडे आलं. दुसरं कोणी नव्हतंच.

माडीवर भाडेकरू फोटोग्राफर राहतो. दिवसभर फोटो पाठवत बसतो. मी मोबाइलवरून पहिली ओळ लिहिली: फोटोग्राफर बंद. दुसरी: दादाचा कॉम्प्युटर चालू. वहिनी त्यावरच बसणार ना. मग जतन केलं.

सगळं बंद पडलं. माझा मोबाइलसुद्धा. ज्याचं नाव कुठल्याच ओळीत नाही, त्याला स्विच सरळ हाकलतो, हे मला तेव्हा कळलं.

फोटोग्राफर खाली आला. "काय रे, पेटीला हात लावलास?"

"छे. वरूनच गेलंय."

"वर मी राहतो."

तेवढ्यात वहिनी लॅपटॉप घेऊन आली. "भाऊजी, हा जोडला जात नाहीये. मुलाखत सुरू होईल आता."

"तू दादाच्या कॉम्प्युटरवर नाही बसणार?"

"नाही."

"का?"

"तुम्ही बसता का?"

दादा गेल्यापासून ती खोली मी दारातूनच बघतो. (नाहीतर एवढा खटाटोप मोबाइलवर अंगठ्यानं कोण करील?)

"पेटीची वायर काढून परत लाव," फोटोग्राफर म्हणाला. "जतन केलं नसेल तर जुनं परत येतं. तुझा दादा तेच करायचा."

"जतन केलंय."

"कधी नव्हे ते काम पुरं केलंस."

आता एकच वाट उरली होती आणि ती दादाच्या खुर्चीवरून जात होती. "मी बसतो, खोडतो ओळी," म्हणत मी त्याच्या खोलीत शिरून टेबलामागे गेलो. खुर्चीच्या पाठीवर त्याचा स्वेटर होता. मी नुसता उभा राहिलो.

वहिनी आली. "सरका," म्हणाली. स्वेटर काढून मांडीवर घेतला आणि बसली. "खोडाखोडीला वेळ नाही. मी इथूनच बोलते."

पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या बाई आल्या. बाहेर पडायचं तर मला कॅमेऱ्यासमोरून जावं लागलं असतं, म्हणून मी टेबलाखाली शिरलो. तिथून मला स्वेटरची बाही दिसत होती. नाक ओढल्याचा आवाज जरा मोठाच झाला.

"टेबलाखाली कोणी आहे का?" बाईंनी विचारलं.

"माझे दीर आहेत," वहिनी म्हणाली. "घरातलं इंटरनेट त्यांनी बंद केलंय."

"माझं चालू कधी होणार?" दारातून फोटोग्राफर.

"आणि ते भाडेकरू. फोटोग्राफरसाहेब, तुमचं जेवणाआधी चालू होईल, वर जाऊन बसा. भाऊजी, रुमाल घ्या. हं, तुमचा पुढचा प्रश्न?"

नोकरी मिळाली. अर्ज हिशेबाच्या जागेसाठी होता, पण त्यांनी तिला तक्रार विभागात घेतलं. बाईंचं म्हणणं, एवढा अनुभव असलेला माणूस त्यांना आजवर मिळाला नव्हता.