चरावरचा पूल आणि उरलेली तीन मिनिटं

मूल्यमापन शेवटी करणं हा अडाणीपणा आहे, हे आता सर्वमान्य झालं आहे. शेवटी तपासलं तर काय झालं एवढंच कळतं; सतत तपासत राहिलं तर काही व्हायच्या आतच सगळं कळतं.

सातवीच्या विज्ञानाच्या बाईंना हे मनापासून पटलं होतं. शाळा आणि मैदान यांच्यामध्ये पाण्यानं भरलेला एक चर होता. पहिलीची चिल्लीपिल्ली मधल्या सुट्टीत मागच्या फाटकातून वळसा घालून मैदानावर पोचत, तोवर परतीची घंटा होई. 'चरावर फळ्यांचा पूल बांधणे' हा प्रकल्प बाईंनी त्यांच्यासाठीच निवडला. ती पोरं पुलावरून पळताना बघायची त्यांना खरोखर ओढ लागली होती. (ही ओढ कुठल्याच रकान्यात बसत नसल्यामुळे नोंदवलेली नाही.)

नियोजनाला आठ रविवार लागले. घरी चाचणीही झाली. यजमानांच्या 'चहा करणे' या प्रकल्पात चहा काही झाला नाही, पण आधण ठेवण्यामागचा विचार 'समाधानकारक' निघाला.

चाळीस मिनिटांच्या तासाची वाटणी अशी: स्वतःचं मूल्यमापन आठ मिनिटं, शेजाऱ्याचं आठ, शेजाऱ्यानं केलेल्या मूल्यमापनाचं मूल्यमापन आठ, अनुभवाची वही सात, बाईंचं निरीक्षण सहा. उरलेली तीन मिनिटं प्रत्यक्ष कामाला. (यात पेन्सिलींना टोक काढणं धरलं आहे.) सहा आठवड्यांत सोळाशे तक्ते भरले. चौऱ्याण्णव टक्के मुलं 'सहकार्य' या रकान्यात पुढे सरकली. फळ्या मात्र भिंतीला टेकून होत्या तशाच होत्या.

"बाई, फळीला हात कधी लावायचा?" शेवटच्या बाकावरच्या एका बडबड्या मुलीनं विचारलं.

बाईंनी कौतुकानं लिहिलं: 'जिज्ञासा – उत्तम'.

तपासणीचे साहेब येणार, त्याच्या आदल्या दिवशी झेरॉक्सचं मशीन बंद पडलं. तक्त्यांशिवाय तास घेणं बाईंच्या तत्त्वात बसेना. वर्गावर शिपाईमामांना बसवून, "मी येईपर्यंत काही करू नका हं," असं बजावून त्या कोरे तक्ते आणायला बाजारात धावल्या. मुलांना दोन तास भरायला काहीच नव्हतं. कंटाळून त्यांनी पूल बांधला. (हातोडी मामांची.)

बाई परतल्या तेव्हा पहिलीची पोरं पुलावरून नुसती नाचत होती. बाईंचा ऊर भरून आला. त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि मग त्यांना हातातले कोरे तक्ते आठवले.

"नोंद कुठाय?" मुख्याध्यापक म्हणाले. "कागदावर काम अकरा टक्के झालंय, बाई. साहेबांना हा अख्खा पूल कसा दाखवायचा? उचकटून ठेवा. मग शिकू देत परत, सावकाश."

तर्कात खोट काढायला जागा नव्हती. नोंदी खऱ्या ठेवायच्या, तर पूल मोडायलाच हवा. नव्या तक्त्यांचा गठ्ठा कवटाळून बाई चराशी गेल्या. बडबडी काठाशी पालथी पडून फळीखाली डोकावत होती.

"बाई, हे टोक डुगडुगतंय. ते कागद द्या ना!"

बाईंनी एकदा गठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा पलीकडे उड्या मारणाऱ्या पोरांकडे. मग त्यांनी तो गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीसकट तिच्या हातात दिला. टोक घट्ट बसलं. "आता जो कोणी हा पूल उचकटेल, त्यानं आधी मला उचलून बाजूला ठेवावं," असं म्हणून बाई पुलावर चक्क फतकल मारून बसल्या. मुख्याध्यापकांना तेवढ्यात कार्यालयात काहीतरी महत्त्वाचं आठवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गाडी मैदानात लावली, पुलावरून बुटाला थेंबही न लागता आले, आणि दोन तास तक्ते वाचले. शेरा दिला: 'नियोजन आदर्श. पूल अपूर्ण.' मग पुलावरूनच गाडीकडे गेले. बाई हसू दाबत खाली वाकल्या आणि गठ्ठा जागेवर आहे ना, ते बघून आल्या.

वाचकहो, एव्हाना तुम्हीही खुर्चीतून न उठता बाईंना दर्जा देऊन मोकळे झाला असाल. साहेबांना तर बहुधा नापासच केलंत. चालायचंच. सतत मूल्यमापन म्हणतात ते हेच. फक्त तुमच्या तक्त्यात एक रकाना कोरा राहिलाय, तेवढा भरून द्या: तुम्ही स्वतः फळीला हात शेवटचा कधी लावला होता?