किल्ल्यावरची मोहरी

माझं मुलावरचं लक्ष एक मिनिटही हलत नाही! छातीठोक सांगते!

गेल्या दिवाळीत चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळाच्या किल्ला स्पर्धेत सहा वर्षांच्या हेरंबचा किल्ला बघून परीक्षक रत्नप्रभाकाकूंनी विचारलं होतं, "हा झिरकपूरचा फ्लायओव्हर का गं?" पोर ढसाढसा रडलं! म्हणून यंदा ठरवलं, आधी त्याला खरा किल्ला दाखवायचा आणि मग पहिला नंबर आणायचाच!

तासाभरावरचा एक जुना किल्ला नुकताच डागडुजी करून नव्या नवरीसारखा सजवला होता. रविवारी निघालो. पर्समध्ये बँडेज, ओआरएस, शिट्टी आणि लेकराची दृष्ट काढायला मोहरी-मिरच्यांची पुडी.

"किल्ल्यावर चाललोय की सीमेवर?" शिशिर म्हणाला. नवऱ्यांना काय कळतंय!

काय ते बुरूज! काय तो दरवाजा! हत्तीण पिल्लाला कडेवर घेऊन आत शिरेल एवढा! मी फोटो काढत सुटले. मिनिटभरच हो!

"मॅडम जी! आपका बच्चा ये क्या डाल रहा है?"

चौकीदार ओरडला. तटाच्या कडेला नव्याने भरलेल्या ओल्या मातीवर हेरंब माझ्या पर्समधली पुडी रिकामी करत होता!

"मम्मा, ये फोर्ट तो गंजा है! घास लगानी पडेगी ना!"

आता या माणसाला कसं सांगू, की आमच्याकडे पोरं दिवाळीत मातीचा किल्ला करतात आणि हिरवळीसाठी त्यावर मोहरी पेरतात? तेवढ्यात त्याला मिरच्या दिसल्या.

"ओ जी, टोटका!" करणी समजून तो तीन पावलं मागे उडाला.

"नहीं नहीं, ये तो नजर उतारने का..."

संपलं! लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी एक मुलगी किंचाळून होणाऱ्या नवऱ्यामागे लपली. किल्ल्याचा मॅनेजर धावत आला. शिशिर तर भिंतीवरची पाटी अशी वाचू लागला, जणू आमची ओळखच नाही!

"मैं अभी सब उठाती हूं!"

"हाथ मत लगाना!" मॅनेजर कडाडला. "जहां है वहीं रहने दो! आप बस बाहर चलो जी!"

अर्धा किल्लाही न बघता आमची वरात बाहेर!

तरी घरी बाल्कनीत किल्ला केलाच. बुरूज झकास जमले. नवी मोहरी पेरली. पण स्पर्धेच्या दिवसापर्यंत एक पात उगवेल तर शपथ!

रत्नप्रभाकाकूंनी चष्मा सावरला. "छान गं आसावरी, पण अगदीच उजाड! कालच तो डागडुजी केलेला जुना किल्ला बघून आले. तटाच्या कडेने काय कोवळं हिरवंगार! तसं हवं होतं बघ."

हेरंबने तोंड उघडलं. मी त्यात अख्खा लाडू कोंबला.

आणि आमची मोहरी का उगवली नाही म्हणता? अहो, रोज दोनदा माती उकरून बघत होते ना मी, उगवतेय का ते!

सांगितलं ना, माझं फार लक्ष असतं!