कॅप्टन दमट यांची ओळखपरेड

अल्पपरिचित पात्र संग्राहक मंडळाचे परीक्षक रविवारी घरी येणार असल्याचं कळलं आणि भाऊसाहेबांच्या घरात सरावाला सुरुवात झाली.

भाऊसाहेब विमा कचेरीत वरिष्ठ लिपिक. घरी मात्र कॉमिक्समधल्या नायक-खलनायकांच्या बोटभर प्लास्टिकच्या बाहुल्यांचं कपाट बाळगून होते. गाजलेले नायक कुणीही सोम्यागोम्या जमवतो. कुणाच्या गावी नसलेलं पात्र बाळगायला अभिरुची लागते, असं मंडळाचं अधिकृत मत होतं. ज्या बाहुलीला घरात कुणीच ओळखत नाही, तिला प्रदर्शनात मानाचं मधलं कपाट मिळे. भाऊसाहेबांची सारी भिस्त कॅप्टन दमट यांच्यावर होती.

हा खलनायक एकाच अंकात, तीनच पानं आला. समोरच्याचे मोजे ओले करणे ही त्याची एकमेव शक्ती. तिसऱ्या पानावर नायक चपला घालून आला आणि कॅप्टनचा कारभार आटोपला. लहानपणी तापाने फणफणलेल्या भाऊसाहेबांनी ती पानं पुन्हा पुन्हा वाचली होती. हरलेल्या त्या गड्यावर त्यांचा जीव जडला तो कायमचा.

रोज संध्याकाळी भाऊसाहेब बाहुली उंच धरून विचारत, "हा कोण?"

"कुणास ठाऊक," बायको भाजी निवडत म्हणे.

"असेल मेला कुणीतरी," सासूबाई मनापासून म्हणत. लेक मात्र "मोजेवाले काका!" असं ओरडून सगळ्यावर पाणी फिरवी. तिला सवय व्हावी म्हणून शेजाऱ्यांना बोलावलं. कुणाला ओळखायचं नाही, हे आधी शेजाऱ्यांना समजावून सांगावं लागलं. शनिवारपर्यंत चारही मजले कॅप्टनना कसोशीने ओळखेनासे झाले. "साहेब, मीपण नाही हं ओळखत कॅप्टन दमटना!" वॉचमनने फाटकातूनच ग्वाही दिली.

रविवारी परीक्षक आले. पांढरे हातमोजे घालून त्यांनी बाहुली चिमटीत धरली.

"कुणास ठाऊक," प्रश्नाआधीच बायको म्हणाली. सासूबाई उत्तीर्ण झाल्या. लेकीनेही ओठ घट्ट मिटून मान हलवली. भाऊसाहेबांना आनंदाने भरून आलं.

"आणि आपण?" परीक्षकांनी विचारलं. "आपण ओळखता?"

"म्हणजे काय! माझ्या लहानपणापासून..."

"म्हणजे ओळखणारा एक निघाला. मग कठीण आहे. मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या बाहुलीला ओळखणारा घरात एकही नाही. ते स्वतःसुद्धा ओळखत नाहीत."

भाऊसाहेबांनी बाहुलीवरची नजर काढून घेतली.

"अहो, नाही म्हणू नका ना," बायको हळूच म्हणाली.

"नाही ओळखत," भाऊसाहेब म्हणाले. "कोण आहेत हे?"

परीक्षकांनी त्यांचं अभिनंदन केलं आणि कॅप्टनना खिशात टाकलं.

"अहो, कुठे नेताय?"

"बेवारस वस्तू मंडळाकडे जमा होते. घरात एकही माणूस ओळखत नाही, तर तुमची कशी?"

"माझीच आहे ती! मी त्यांना..."

"ओळखता?" परीक्षकांनी थांबून विचारलं. खिशातला हात त्यांनी अर्धा बाहेरही काढला.

लेक बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. भाऊसाहेबांनी ते तोंड मिटून घेतलं.

आता मधल्या कपाटात कॅप्टन 'अज्ञात' या पाटीमागे उभे असतात. भाऊसाहेब दर रविवारी जातात. "कोण हो हा?" असं शेजारी उभ्या प्रेक्षकाने विचारलं की "कुणास ठाऊक" म्हणतात.

इथवर वाचलंत, म्हणजे कॅप्टन आता तुमच्याही ओळखीचे झाले. मंडळाच्या नव्या ठरावानुसार परीक्षक वाचकांच्या घरीही येणार आहेत, आणि तुमच्या एका 'हो'ने भाऊसाहेबांचा मान जाईल. तरी भाऊसाहेब निर्धास्त आहेत. तुम्हाला वेगळा सराव लागणार नाही, असं ते म्हणतात. बरोबर मोठे साहेब असले की समोरून येणाऱ्या जुन्या मित्राला तुम्ही कसं ओळखत नाही, ते त्यांनी पाहिलं आहे. तो मित्र ते स्वतःच होते.