गोड बोलणाऱ्याचा फोन

आमच्या गल्लीतले नरसिंगराव आवाज बदलून लोकांना फोन करायचे. स्वतःच्या फोनवरून नाही. केळीवाल्याच्या, इस्त्रीवाल्याच्या, एखाद्या रिक्षावाल्याच्या. आधी सहा आकड्यांचा एक मेसेज पाठवायचा आणि मग फोन लावायचा. "बँकेतून बोलून राहिलो बेटा. आत्ता आलेला आकडा सांग बरं." पलीकडे बारा-चौदा वर्षांचं पोर असायचं. त्याने आकडा सांगितला की पाच मिनिटांत नरसिंगराव त्याच्या दारात उभे. "गेले तुझे पैसे. रविवारी वर्गाला ये."

ते बँकेत कॅशियर होते. मुदखेडला, भोकरला, शेवटी इथे नांदेडात. बायको वारली, मुलगा पुण्याला. मी त्यांच्या समोर राहते. चौथी शिकले आहे आणि दिसेल ते बोलते, म्हणून गल्लीतली वाईट कामं माझ्याकडे येतात. मागच्या उन्हाळ्यात असंच एक आलं. नरसिंगरावांना जाऊन सांगायचं, तुमचा वर्ग बंद.

वर्ग कसला ते आधी सांगते. दर रविवारी संध्याकाळी पाचला त्यांच्या ओसरीत दहा-बारा पोरं बसतात. सहावी ते नववीची. नरसिंगराव बसत नाहीत. सगळी नोकरी कॅशच्या पिंजऱ्यात बसून काढली, आता बसणं सोडलं म्हणतात. शिकवताना ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात, मध्येच नळ बघून येतात, मध्येच फाटकाची कडी. पोरांच्या माना टेबलफॅनसारख्या त्यांच्यामागे फिरतात.

पैसे भरायची स्लिप, काढायची स्लिप, चेक, पासबुक, सगळं लिहून घेतात. अक्षरी रक्कम लिहिली की पुढे 'फक्त' लिहायचं आणि रेघ ओढायची. "मोकळी जागा सोडायची न्हाई. मोकळ्या जागेतच चोर शिरतोय." ही खोड त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की बाजारात मिरच्याही 'पाव किलो फक्त' मागतात. डॉक्टरांनी वय विचारलं तर म्हणाले, "बहात्तर फक्त." डॉक्टर म्हणाले, काका, अजून किती पाहिजेत?

पोरांना आठवड्याच्या खर्चाचा जाब द्यावा लागतो. एकाने फोनवरच्या खेळात साठ रुपयांची बंदूक घेतली होती. नरसिंगराव रागावले नाहीत. दाखव म्हणाले. पोरगं म्हणालं, खेळ बंद केला की ती दिसत नाही. "मग घेतलंस काय तू?" आता ते पोरगं कुल्फी घ्यावी की न घ्यावी याचा इतका विचार करतं की तोवर कुल्फीवाला पुढच्या गल्लीत गेलेला असतो.

बायका हसायच्या, पण पोरं पाठवायच्या. गल्लीतल्या संगीताची मुलगी साक्षी, तिने शिष्यवृत्तीचे पैसे स्वतः स्लिप भरून काढले. बँकेतल्या साहेबांनी स्लिप दोनदा बघितली. एक चूक नव्हती.

घोळ झाला तो याच साक्षीवरून. ती तेरा वर्षांची. मे महिन्यात एका दुपारी आईचा फोन वाजला, तो तिने उचलला. गोड आवाज. बेटा, जेवलीस का, भाजी कोणती होती, सुट्टीत काय करून राहिलीस, आई घरात हाय का? दहा मिनिटं पोरगी बोलत राहिली. संगीता मागून आली, तिने तेवढं शेवटचं ऐकलं आणि फोन हिसकावून घेतला. तिच्या नवऱ्याने नंबर शोधत शोधत केळीवाल्याची गचांडी धरली. केळीवाल्याने नुसतं बोट दाखवलं. नरसिंगराव गाड्याच्या मागेच उभे होते, केळीवाल्याचा फोन हातात घेऊन, पुढच्या पोराचा नंबर लावत.

संगीताचं चुकलं असं मी म्हणणार नाही. परका माणूस तेरा वर्षांच्या पोरीला आई घरात आहे का विचारतो, तर आईने काय करायचं? गल्ली जमली. वर्ग बंद करा, नाहीतर मुलाला पुण्याला कळवतो, असं ठरलं. कळवलं असतं तर मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन घराला कुलूप लावणार होता. तो दोन वर्षांपासून बोलावतो आहे. आठव्या मजल्यावर घर आहे त्याचं, चालायला चार पावलांची बाल्कनी.

मी गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं, भाऊजी, वर्ग बंद करा म्हणतेत. ते चालायला लागले. नळ बघितला. कडी बघितली. भांडले नाहीत. मला तेच खटकलं.

मी म्हणलं, शिकवायचं ते शिकवा, पण हे गोडगोड बोलणं कशाला? चोर तर दम देतेत, खातं बंद करतो म्हणतेत.

"दम दिला की पोरं फोन ठेवतेत, वहिनी. गोडीनं बोललं की ठेवत न्हाईत."

"तुम्हाला काय ठाव?"

नरसिंगराव थांबले. मी त्यांना एका जागी उभं राहिलेलं पहिल्यांदा बघितलं.

मग सांगितलं. दिवाळीच्या आधी त्यांना फोन आला होता. नेहमीची हिंदी नव्हती, आपलंच बोलणं होतं, लातूरकडचं. काका, जेवलाव का? एकटेच राहताव का? गुडघ्याला काय लावताव? कॅशियरने जन्मभर खोटी नोट अंगठ्याने ओळखली होती.

"तिसऱ्याच वाक्याला कळलं होतं मला, चोर हाय म्हणून."

"मग ठेवायचा न्हाई का फोन?"

"ठेवला असता तर घरात पुन्हा सामसूम झाली असती ओ."

अर्धा तास बोलले. त्याने शेवटी आकडा विचारला आणि यांनी सांगून टाकला. म्हणाले, इतका वेळ बोललेल्या माणसाला नाही म्हणवेना. वीस हजार गेले. त्यापुढे 'फक्त' म्हणाले नाहीत. मुलालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं तर तो आधी फोन काढून घेईल आणि मग घर.

मला त्यांची दया आली नाही, राग आला. मी म्हणलं, हे पोरांना सांगा. तुमच्या तोंडानं सांगा. आणि फोन करायचे ते यापुढं फक्त मला, पोरांच्या समोर. मी येऊन बसते दर रविवारी.

संगीताला मी एवढंच म्हणलं, साक्षीला पाठव, मी तिथं असते. रविवारी तिने साक्षीला पाठवलं आणि स्वतः फाटकाशी उभी राहिली.

नरसिंगरावांनी पोरांना सगळं सांगितलं. चालत चालत सांगितलं. पोरं हसली नाहीत. बंदूकवाल्या पोराने विचारलं, आजोबा, तुम्ही पोलिसात गेलता का? ते म्हणाले, लाजलो. संगीता तेव्हा फाटक उघडून आत आली आणि पायरीवर बसली. त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणून आज मी हे लिहू शकते. गल्लीत ते आता कोणापासून लपलेलं नाही.

मग मला फोन करून दाखवायचं ठरलं. नरसिंगराव स्वयंपाकघरात गेले. मी ओसरीत फोन कानाला लावून बसले. पोरं भोवतीने, साक्षीच्या हातात वही, कोण पास कोण नापास ते लिहायला.

"ताई, बँकेतून बोलून राहिलो. जेवलाव का?"

जेवले म्हणलं. पोरं हाताने खुणा करायला लागली, ठेवा, ठेवा.

"काय केलतं?"

"अंबाडीची भाजी. भाकर. लसूण जरा जास्ती झाला."

साक्षी माझी बाही ओढत होती. मी तिचा हात बाजूला केला आणि विचारलं, तुम्ही काय केलतं?

मग त्यांचा खरा आवाज आला. "मी जेवलोच न्हाई अजून."

"भाजी उरलीय," मी म्हणलं. "वर्ग सुटला की पाठवते. आणिक काय म्हणताव?"

साक्षीने वहीत माझ्या नावापुढे नापास लिहिलं आणि वही माझ्यासमोर धरली. मी मान हलवली आणि बोलत राहिले.