सात नंबरच्या बसचा दाखला

सात नंबरच्या बसला अपंगत्वाचा दाखला काढायचा होता, म्हणून ती बुधवारी सकाळी आठलाच सरकारी दवाखान्याच्या रांगेत येऊन उभी राहिली. ड्रायव्हरची सुट्टी होती, त्यामुळं कंडक्टर मीनलबाई तेवढ्या सोबत होत्या. नंबर मिळाला एकतीस. बसच्या पुढं कानाला यंत्र लावलेले एक गुरुजी होते आणि मागं गेनू तात्या, आपल्या चाकाच्या फळीवर. तात्यांकडं स्वतःचा दाखला चाळीस वर्षांपासून होता. ते साक्षीला आले होते.

आता हे झालं कसं, ते सांगायला पाहिजे.

तात्या म्हणजे तांबटगावच्या स्टँडबाहेर कुलपं आणि छत्र्या दुरुस्त करणारे. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले. फळीखाली चार बेअरिंगं आणि हातात दोन लाकडी ठोकळे, एवढं असलं की तात्या गावात कुठंही जात. फक्त बसमध्ये नाही. अकरा वर्षांपूर्वी चौघांनी त्यांना उचलून बसमध्ये घातलं होतं, तेव्हा आतून कुणीतरी ओरडलं होतं, "ते पोतं मागं सरकवा!" बोलणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण तात्यांनी त्या दिवशी ठरवलं, आपलं आपल्याला चढता आलं तरच चढायचं.

आणि आता हिवऱ्याला त्यांच्या लेकीला, सिंधूला, मुलगी झाली होती. रविवारी बारसं होतं. हिवरं बावीस किलोमीटर. फळीवरून बावीस किलोमीटर जाता येत नाही असं नाही, पण पोचेपर्यंत नातीचं लग्न निघालं असतं.

त्याच आठवड्यात नगरपालिकेला वरून पत्र आलं, की तुमच्या बसगाड्या अपंग प्रवाशांना कितपत सोयीच्या आहेत ते तपासून कळवा. काम चिंचोळकर साहेबांकडं आलं. साहेबांनी टेप लावून सात नंबरची पायरी मोजली. जमिनीपासून सव्वा फूट भरली. मग ते तात्यांसमोर उकिडवे बसले आणि फॉर्म काढला.

"तात्या, या बसमध्ये चढता येतं का?"

"नाही येत."

"अडचण कुणाकडून आहे? प्रवाशाकडून की बसकडून? दोन रकाने आहेत. खूण एकातच करायची."

तात्यांना कुठलीच गोष्ट घाईनं बोलायची सवय नव्हती. हातातलं कुलूप त्यांनी खाली ठेवलं.

"साहेब, मी माझ्या घरून हिच्या दारापर्यंत येतो. तिथून पुढं तिनं सव्वा फूट खाली यायचं. तेवढं तिला जमत नाही."

साहेबांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं आणि बसच्या रकान्यात खूण केली. ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी फॉर्म वाचला आणि शेरा मारला, 'खाली बसता येत नसल्यास बसने वैद्यकीय बोर्डापुढे स्वतः हजर राहून दाखला सादर करावा.' शेरा बरोबरच होता. नुसत्या तोंडी सांगण्यावर कुणाचं अपंगत्व धरत नाहीत. तात्यांनाही तीनदा खेपा घालाव्या लागल्या होत्या, पाय समोर दिसत असताना.

तर रांगेत बस उभी होती.

"हिला काय झालंय?" काठी टेकत आलेल्या एक आजी म्हणाल्या. "चांगली धडधाकट दिसतीय की!"

"दिसण्यावर काही नसतं, आजी," गुरुजी म्हणाले. "मलाही लोक हेच म्हणतात."

"काय म्हणतात?"

"काय म्हणालात?"

बोर्डाची खोली तीन पायऱ्या वर होती. दर बुधवारी लोकांना उचलून वर नेत आणि त्यांना पायऱ्या चढता येत नाहीत हे तपासून परत उचलून खाली आणत. पण बसला उचलणार कोण? शिपायांनी एकदा हात लावून पाहिला आणि सोडून दिला. शेवटी बोर्डच टेबलखुर्च्यांसकट अंगणात उतरलं. डॉक्टर कुलथे म्हणाले, "अरे, इथं वारा बरा लागतो." मग सगळी रांग त्यांनी तिथंच तपासली.

"एकतीस! पासपोर्ट साईज फोटो दोन?"

मीनलबाईंनी फोटो दिले. क्लार्कनं ते डोळ्यांजवळ धरले. "दोन्ही कान दिसायला पाहिजेत."

"दोन्ही आरसे आलेत की."

"ठीक आहे."

बसला बोलता येत नव्हतं, पण घंटी होती. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे चला, हे सगळ्या गावाला माहीत. त्यावरून डॉक्टरांनी एक म्हणजे नाही आणि दोन म्हणजे होय असं धरलं.

"ही अडचण जन्मापासूनच आहे का?"

टिंग टिंग.

"उपचार काही केले होते?"

टिंग.

"वंगण सोडून काही नाही, डॉक्टर," मीनलबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं सगळे टायर ठोकून पाहिले. "आता खाली बसून दाखवा."

टिंग.

"प्रयत्न तर करा."

बसनं केला. पत्रा करकरला, बॉनेटमधून वाफ निघाली, काचा थरथरल्या. बोटभर खाली गेली असेल नसेल. "होऊ दे, होऊ दे!" गुरुजी जोरात ओरडले. आजींनी पदर डोळ्याला लावला. डॉक्टर घाईनं उठले. "राहू द्या, राहू द्या! दिसलं मला." त्यांनी पेन काढलं. "साठ टक्के लिहितो."

"साठाच्या वर असलं तर प्रवासात एक सोबती नेता येतो, डॉक्टर," तात्या हळूच म्हणाले. "आणि मागचं दार तुम्ही बघितलंच नाही. तेही तसंच आहे."

डॉक्टरांनी जाऊन मागचं दार बघितलं आणि अडुसष्ट लिहिलं.

दाखला झाला म्हटल्यावर सोय करणं आलं. बसला खाली येता येत नाही, तर जमिनीनं वर जायला पाहिजे. तांबटगावच्या स्टँडवर सव्वा फूट उंचीचा उतरता चौथरा तीन दिवसांत उभा राहिला. असाच चौथरा बांधा म्हणून तात्यांनी अकरा वर्षांत चौदा अर्ज दिले होते, आणि 'एका प्रवाशासाठी तरतूद नाही' असं चौदा वेळा उत्तर आलं होतं.

"तुमचे अर्जही आमच्या लक्षात आहेत बरं का, तात्या," चिंचोळकर साहेब म्हणाले. "पण हिची अवस्था बघवत नाही."

"खरंय," तात्या म्हणाले. त्यांनाही बसची काळजी वाटायला लागली होती.

राहिलं सोबत्याचं नाव. मीनलबाई आणि ड्रायव्हर कामावर, त्यामुळं नियमात बसत नव्हते. साहेबांनी बसलाच विचारलं.

"मी चालेन?"

टिंग.

"मोठ्या बाई?"

टिंग.

"गेनू तात्या?"

टिंग टिंग. टिंग टिंग. टिंग टिंग. मीनलबाईंना दोरी धरून घंटी थांबवावी लागली.

साहेबांनी नाव लिहिलं आणि बजावलं, "सोबत्यानं दाखलाधारकाला एकटं सोडायचं नसतं, तात्या."

तात्यांना हे वाक्य पाठ होतं. आजवर ते त्यांच्याबरोबरच्या माणसाला ऐकवलं जाई.

रविवारी इस्त्रीचा सदरा घालून तात्या चौथऱ्यावरून सरळ बसमध्ये शिरले. ठोकळ्याचे चार हात मारले, पाचवा लागला नाही. कुणी उचललं नाही, कुणी सरकवलं नाही.

"या तात्या, कुणीकडं निघालात?" एकानं विचारलं.

"मी हिच्या सोबत आलोय," तात्या म्हणाले. "चढावर हिला धाप लागते." आणि चढ आला तशी त्यांनी खांबावर थाप मारली. "सावकाश गं. घाई नाही आपल्याला."

हिवऱ्याच्या फाट्याला गाडी थांबली. तात्यांना लेकीकडं जायचं होतं आणि बसला एकटं सोडता येत नव्हतं. म्हणजे बसलाच बारशाला जाणं भाग होतं. मीनलबाईंनी ओरडून सांगितलं, "ज्यांना बारशाला यायचं नाही त्यांनी इथं उतरून घ्या!" तेवीस प्रवासी होते. एकही उतरला नाही.

गल्लीतून वाट काढत बस दारापुढं थांबली. सिंधू धावत बाहेर आली.

"आबा! कुणी आणलं तुम्हाला?"

"मला नाही कुणी. मीच हिला घेऊन आलो."

विहीणबाई कमरेवर हात ठेवून ओट्यावर उभ्या होत्या. "पाळणा माजघरात बांधलाय. या की आत."

"विहीणबाई, हिला पायऱ्या चढवत नाहीत. आणि मला हिला सोडता येत नाही." तात्यांनी खिडकीतून दाखला दिला.

विहीणबाईंनी तो वाचला, उलटा करून शिक्का बघितला. "अडुसष्ट टक्के! अगं बाई, आणि अशी उन्हात उभी केलीय बिचारीला! ए पोपट, पाळणा सोड तिथला. इकडं बांध."

जावयानं पाळणा आणून बसच्या वरच्या दांडीला बांधला. पण आत यायला गेल्या तर विहीणबाईंचा पाय पायरीला पुरेना. "काय बाई ही उंची!" त्या म्हणाल्या. "माणसानं चढायचं कसं?"

"द्या हात," तात्या म्हणाले. पन्नास वर्षं फळी ढकललेले हात होते. त्यांनी विहीणबाईंना एका झटक्यात वर घेतलं. मग सिंधूला, मग नणंदेला, मग गल्लीतल्या सगळ्या बायकांना, एकेकीला, "सावकाश या, सावकाश" म्हणत. ड्रायव्हरनं इंजिन नुसतं चालू ठेवलं होतं, त्यावर पाळणा आपोआप झुलत होता. घुगऱ्यांचं पातेलं शेवटच्या सीटपर्यंत फिरलं.

मग बाळाला पाळण्याभोवती फिरवायची वेळ आली. एकीनं वरून द्यायचं, दुसरीनं खालून घ्यायचं. पण बसमध्ये एवढी दाटी झाली होती की कुणालाच वाकता येईना. नणंद अर्ध्यात अडकली, विहीणबाईंच्या गुडघ्यानं नाही म्हटलं.

"अगं, खाली कोण आहे का घ्यायला?" सिंधू बाळ हातात धरून ओरडली.

"मी आहे," तात्या म्हणाले, आणि फळी पाळण्याखाली नेऊन त्यांनी दोन्ही हात वर केले. त्यांना वाकावं लागलं नाही.