खिडकीतल्या विटा

समुद्राकाठची ती इमारत माणसांनी समुद्राची हवा खावी या उदात्त हेतूने बांधण्यात आली. तेव्हा तिथे हॉटेल होतं. श्रीमंत पाहुणे वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीपाशी आरामखुर्चीत पडून हवा खात आणि माझी आत्या, तेव्हा लहान पोर, त्यांना चहा नेऊन देई. तिला तिथे बसायची मुभा नव्हती. एकदा तरी त्या खिडकीपाशी बसून समुद्र बघायचा, एवढंच तिने जन्मभर मनात धरलं.

पुढे हॉटेल बुडालं आणि तिथे महसूल कार्यालय आलं. वाऱ्याने फायली उडू लागल्या, तेव्हा वाऱ्याचा बंदोबस्त म्हणून खिडकी विटांनी बुजवण्यात आली. मग अंधार झाला म्हणून दिवसाढवळ्या दिवे लागले, दिव्यांनी उकडू लागलं म्हणून पंखे आले आणि पंख्यांनी फायली पुन्हा उडू लागल्या. शेवटी कार्यालयच हलवलं. जागा हवामान खात्याला मिळाली. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिथले साहेब शिपायाला विचारून जाहीर करत. तरी अंदाज चुकायचाच.

आता इमारतीला वारसा म्हणून मान्यता मिळाली आहे. गेल्या आठवड्यात मी आत्याला धरून धरून वर नेलं. खिडकीच्या जागी भिंत बघून बिचारीचं तोंड एवढंसं झालं. मी व्यवस्थापकांना विनंती केली, की चार विटा तरी काढा.

"आजी, या विटांना हात लावता येत नाही," ते अदबीने म्हणाले. "त्याही आता ऐतिहासिक आहेत."

"आणि समुद्र?" आत्याने विचारलं.

"तो आमच्या अखत्यारीत येत नाही. पण सोय केली आहे."

सोय म्हणजे त्याच भिंतीवर पडदा, पडद्यावर समुद्राचं चित्रण आणि वाऱ्यासाठी एक पंखा. आत्या नको नको म्हणत होती, पण मी तिला भरीला घातलं. हॉल खचाखच भरला होता. तुम्हीही होतात, आमच्या मागच्याच रांगेत. पहिली लाट येते न येते तोच वीज गेली. मिट्ट काळोख. आत्या उठली.

"अगं, कुठे निघालीस? बस की, आत्ता सुरू होईल समुद्र," मी म्हणालो.

"बाहेर बघते. तिथे चालू असेल."

मला तिचा राग आला. चारचौघांत शोभतं का हे! तेवढ्यात त्या काळोखात तुम्ही मागून म्हणालात, "आजी, खाली बसा ना. आम्हाला दिसत नाही."

आत्या मुकाट्याने बसली. पाहुण्यांचं ऐकायची सवय तिला लहानपणापासूनची.